ऊब आणि भीती

मे महिना सरत आला की माहीमच्या झाडांवर दोन ऋतू एकत्र नांदतात. गुलमोहराच्या पाकळ्या अजून रस्त्यावर पडत असतात आणि खाडीवरून येणाऱ्या वाऱ्याला पावसाचा ओलसर वास लागलेला असतो. याच दिवसांत गावकावळ्यांची घरटी भरलेली असतात. काटक्या, खराट्याच्या काड्या, बांधकामावरून उचलून आणलेले तारेचे तुकडे, आणि आत नारळाच्या काथ्याचं मऊ अस्तर. शीतलादेवीच्या देवळावरून समुद्राकडे चालत निघालं आणि मान जरा वर ठेवली, तर अशी कितीतरी घरटी दिसतात. वळवाचा वारा सुटतो, पावसाळ्याआधीची फांद्यांची छाटणी सुरू होते, आणि ज्यांना अजून उडता येत नाही अशी पिल्लं जमिनीवर येतात.

मग संध्याकाळी गल्लीतली मुलं चपलांचं खोकं घेऊन माझ्या दारात उभी राहतात. खोक्याच्या झाकणाला कंपासच्या टोकाने भोकं पाडलेली असतात, आत कुणाचा तरी शाळेचा रुमाल अंथरलेला असतो. "काकू, पिल्लू सापडलं." झाकण उघडायच्या आधी मी विचारते, कुठे सापडलं? आणि त्याची आई तिथे होती का? मुलं एकमेकांकडे बघतात. आई होती. ती डोक्यावर येऊन टोचा मारत होती, म्हणून तर पिल्लू घाईघाईने उचलून आणलं.

अशा वेळी आम्ही सगळे परत त्या झाडाखाली जातो. पिसं फुटलेलं, उड्या मारत चालणारं पिल्लू बहुतेकदा हरवलेलं नसतंच. ते उडायला शिकत असतं. घरटं सोडल्यावरही कित्येक दिवस कावळ्याचं पिल्लू कुंपणावर, खालच्या फांद्यांवर, उभ्या गाड्यांच्या टपांवर धडपडत राहतं आणि आईबाप तिथे येऊन त्याला भरवतात. अंगावर पीस नसलेलं, डोळे मिटलेलं पिल्लू असेल तर त्याला घरट्यात परत ठेवायचं. घरट्यापर्यंत हात पोहोचत नसेल, तर फुलवाल्याकडून एखादी लहान टोपली आणायची, ती त्याच झाडाला उंच बांधायची, पिल्लू तिच्यात ठेवायचं आणि आपण लांब जायचं. माणसाचा हात लागला की पक्षी आपल्या पिल्लाला टाकून देतात, असं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. ते खरं नाही. आपण लांब गेलो की कावळी येते. आधी बराच वेळ ओरडते, फांदी बदलते, पुन्हा ओरडते, आणि येते.

हे सगळं मला आत्याने शिकवलं. मी दोन वर्षांची असताना आई गेली आणि वडिलांच्या धाकट्या बहिणीने मला वाढवलं. ती दादरच्या एका प्रसूतिगृहात परिचारिका होती. दिवसभर माणसांची नवजात बाळं हाताळून ती घरी येई, तर आमच्या गॅलरीत आणखी कुणीतरी वाट पाहत असे. आमचं घर दुमजली, जुन्या वाडीतलं. गॅलरीला लागून देशी बदामाचं मोठं झाड होतं. उन्हाळ्यात त्या गॅलरीत कधी खारीची पिल्लं असत, कधी साळुंकीचं, कधी कोळीवाड्यातून कुणी आणून दिलेली मांजरीची डोळे न उघडलेली पिल्लं. ज्यांची आई नव्हती, किंवा ज्यांना आईकडे परत नेण्याचा काही मार्ग उरला नव्हता, तेवढीच ती घरात घेई. बाकीच्यांना ती त्यांच्या झाडाकडे घेऊन जाई.

तिचा पहिला नियम होता, आधी ऊब, मग पाणी, मग अन्न. लोक पिल्लू सापडलं की पहिल्यांदा त्याच्या तोंडात काहीतरी घालायला धावतात. थंड पडलेल्या पिल्लाच्या पोटात अन्न पचत नाही. त्याचं सगळं बळ अंग गरम ठेवण्यात खर्च होत असतं, आणि अशा वेळी भरवलेलं दूधच त्याचा जीव घेऊ शकतं. म्हणून आत्या गरम पाण्याची रबरी पिशवी जुन्या लुगड्यात गुंडाळून टोपलीच्या एका बाजूला ठेवी, दुसरी बाजू मोकळी सोडी. उकडलं तर पिल्लाला सरकता आलं पाहिजे. ते हाताला कोमट लागू लागलं की मीठसाखरेच्या पाण्याचे थेंब. त्यानंतर दूध.

ऊब दुधाच्या आधी येते, हे पुढे विज्ञानाच्या पुस्तकात वाचलं तेव्हा मला गॅलरीतली टोपली आठवली. १९५८ साली अमेरिकेत हॅरी हार्लो यांनी माकडांच्या पिल्लांवरच्या आपल्या प्रयोगांचे निष्कर्ष मांडले. आईपासून तोडलेल्या पिल्लांना त्यांनी दोन खोट्या आया दिल्या होत्या. एक नुसत्या तारेची, पण दूध देणारी. दुसरी मऊ कापडात गुंडाळलेली, दूध नसलेली. पिल्लं दुधापुरती तारेकडे जात आणि बाकी सगळा वेळ कापडाला बिलगून राहत. त्या प्रयोगांत पिल्लांचे जे हाल झाले ते वाचवत नाहीत. पण त्या पिल्लांनी जे सांगितलं ते कुठल्याही मुलाला वाढवणाऱ्या प्रत्येकाने ऐकून ठेवावं असं आहे. भुकेपेक्षा मोठी गरज कुशीची असते.

दूध द्यायलाही हातांना पुष्कळ शिकावं लागतं. खारीच्या पिल्लाला गाईचं दूध सोसत नाही, जुलाब होतात. आत्या बकरीचं दूध आणे. तेव्हा माहीमच्या गल्ल्यांत बकऱ्या पाळणारी घरं होती, त्यामुळे ते मिळायला अडचण नसे. पिल्लाला माणसाच्या बाळासारखं उताणं धरायचं नाही. पोटावर, मान जराशी वर, आणि सिरिंजमधून एकेक थेंब. घाई झाली तर दूध श्वासनलिकेत जातं. पाजून झालं की कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने शेपटीखाली हलकेच पुसायचं. आई हे काम जिभेने करते. ते केलं नाही तर इतक्या लहान पिल्लाला लघवीही होत नाही. दूध आईकडून यावं हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण जगात आलेल्या जिवाला आपल्या शरीराचं साधं काम सुरू करायलाही आईचा स्पर्श लागतो, हे मला त्या ओल्या कापसाने कळलं.

पक्ष्यांचं तंत्र वेगळं. कावळ्याचं किंवा साळुंकीचं पिल्लू सावली पडताच मान ताठ करून चोच उघडतं आणि आतला भडक रंग दाखवतं. त्या रंगाची हाक आईबापांना टाळता येत नाही. उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत, दर अर्ध्या-पाऊण तासाने उकडलेल्या अंड्याचा कण, भिजवलेल्या खाण्याचा कण, एखादा किडा. चोचीत पाणी ओतायचं नाही, कारण श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं. दूधपाव द्यायचा नाही, पक्ष्यांच्या पोटाला दुधातली साखर पचत नाही. आणि कबुतराचं पिल्लू चोच उघडतच नाही! ते स्वतःची चोच आईबापाच्या तोंडात खुपसतं आणि त्यांच्या गळ्याच्या पिशवीत तयार झालेला दाट, दह्यासारखा रस पितं. नर आणि मादी दोघंही हे दूध तयार करतात. स्त्रीच्या छातीत दूध उतरवणारं प्रोलॅक्टिन हेच द्रव्य कबुतरात हे काम करतं, आणि १९३३ साली ऑस्कर रिडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रोलॅक्टिनला नाव दिलं ते कबुतराच्या गळ्यावर त्याचा परिणाम तपासूनच. दादरच्या कबुतरखान्याजवळून जाताना मी हे मनाशी म्हणत असे. इथल्या प्रत्येक बापाने आपल्या पिल्लाला दूध पाजलेलं आहे.

ऊब, दूध, स्वच्छता, वेळेवर घास. एवढं हात करू शकतात. जागायची तयारी असेल आणि कुणी नीट शिकवलं असेल, तर आईच्या कामाचा हा वाटा माणसाला उचलता येतो. मला जे सांगायचं आहे ते याच्या पुढचं आहे. आई पिल्लाला आणखी एक गोष्ट देते, आणि ती हातांतून देता येत नाही. ती म्हणजे भीती.

काही गोष्टी पिल्लू अंड्यातूनच घेऊन येतं. कोकिळेचं पिल्लू याची साक्ष आहे. कोकिळा आपलं अंडं कावळ्याच्या घरट्यात घालते. ते कावळ्याच्या अंड्यांच्या आधी उबून फुटतं. कावळी त्याला भरवते, सांभाळते, त्याच्यासाठी माणसांवर झडप घालते. त्याच्या कानावर सगळं बालपण काव-काव पडलेलं असतं. तरी नर मोठा झाला की कोकिळाच्याच आवाजात गातो. ते गाणं त्याला कुणी शिकवत नाही. माहीममध्ये चैत्रापासून पहाटे जो स्वर ऐकू येतो तो कावळ्यांच्या घरी वाढलेल्यांचा आहे. मला या नात्यात फसवणुकीपेक्षा कावळीची माया मोठी दिसते. उघडलेली चोच पाहिली की ती भरवायची, एवढंच तिला ठाऊक असतं.

भीतीचं मात्र तसं नाही. डोक्यावरून झपकन सावली गेली की दबून बसणं, हे कदाचित रक्तात असेल. पण कुणाला भ्यायचं, कुठल्या चेहऱ्याला, कुठल्या तारेला, कुठल्या वेळेला, हे थोरांकडून शिकावं लागतं. सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन मार्झलफ यांनी २००६ मध्ये एक प्रयोग सुरू केला. आदिमानवाचा मुखवटा घालून त्यांनी काही कावळे पकडले, पायात कड्या घातल्या आणि सोडून दिले. पुढे तो मुखवटा घालून कुणीही विद्यापीठाच्या आवारात फिरलं, की कावळे जमून त्याच्यावर ओरडत. वर्षं गेली तशी ओरडणाऱ्यांची संख्या वाढत गेली. पकडापकडीच्या वेळी जे जन्मलेही नव्हते तेसुद्धा त्या चेहऱ्यावर ओरडू लागले. आईबापांनी त्यांना तो चेहरा दाखवून ठेवला होता. माहीमची मुलं पिल्लू उचलायला जातात आणि कावळी त्यांच्या डोक्यावर टोचा मारते, तेव्हा ती मुलांना हाकलते आणि त्याच क्षणी पिल्लाला सांगतेही, हे बघून ठेव.

माणसाच्या हाती वाढलेल्या पिल्लाला हे कोण सांगणार? ज्याला भ्यायला हवं त्याच्याच तळहातावर ते जेवलेलं असतं. ऑस्ट्रियात कॉनराड लोरेन्ट्‌झ यांनी दाखवलं की उबवणीयंत्रात फुटलेली हंसाची पिल्लं डोळ्यांसमोर पहिल्यांदा जो हलताना दिसतो त्याच्याच मागे चालू लागतात. ती पिल्लं लोरेन्ट्‌झ यांच्या मागे ओळीने चालत, पाण्यात त्यांच्यासोबत पोहत. या कामातूनच पुढे त्यांना १९७३ चं नोबेल मिळालं. चित्रांत ते दृश्य फार गोड दिसतं. पण जो जीव एकदा माणसालाच आपला समजून बसला, तो रानात कुणाशी जोडी जमवणार आणि कुणापासून पळणार, ही काळजी त्या चित्रात मावत नाही.

म्हणून जगभर पिल्लं वाढवणाऱ्यांनी स्वतःला लपवायला सुरुवात केली. उत्तर अमेरिकेतले हूपिंग क्रेन, म्हणजे पांढरे मोठे क्रौंच, १९४१ च्या सुमारास जेमतेम वीस-बावीस उरले होते. त्यांच्या पिल्लांना वाढवणारी माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा घालतात, हातावर क्रौंचाच्या डोक्याची बाहुली चढवतात आणि तोंडातून एक शब्द काढत नाहीत. कॅलिफोर्नियातली कॉन्डोर गिधाडं १९८२ मध्ये बावीसच राहिली होती. १९८७ पर्यंत रानातलं शेवटचं गिधाडही पकडून आणलं गेलं, आणि पिल्लांना कॉन्डोरच्या बाहुलीने भरवलं गेलं. माणूस लपला, तरी पुरेसं झालं नाही. १९९२ पासून सोडलेल्या तरुण पक्ष्यांसोबत रानात थोर कुणी नव्हतं. ते विजेच्या खांबांवर बसत, तारांना लागून मरत, माणसांच्या वस्तीजवळ येत. मग पिंजऱ्यात खोटे खांब उभे केले गेले. त्यावर बसलं की हलकासा झटका बसे. आणि पिल्लांच्या सोबतीला मोठे, अनुभवी कॉन्डोर ठेवले गेले. खांबांना भ्यायला त्यांना माणसांनी शिकवलं. कॉन्डोरसारखं वागायला मात्र कॉन्डोरच लागले.

आपल्याकडे हे सगळ्यांत नीट जुन्नरच्या उसात दिसतं. तिथे बिबटमाद्या उसाच्या फडात पिल्लं घालतात. ऊसतोड सुरू झाली की मजुरांना चरात गुरफटलेले बछडे सापडतात. पहिला मोह त्यांना उचलून कुठेतरी सुरक्षित नेण्याचा होतो. वन विभाग आणि माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातले डॉक्टर हा मोह बाजूला ठेवतात. बछड्यांची तपासणी होते, कातडीखाली चिप बसवली जाते, आणि अंधार पडायच्या सुमाराला ते जिथे सापडले त्याच ठिकाणी त्यांना खोक्यात ठेवून सगळे दूर जातात. फक्त कॅमेरा मागे राहतो. रात्री मादी येते, वास घेते, एकेका पिल्लाला मानेला धरून उचलते आणि नेते. काही वेळा आई येत नाही. मग त्या बछड्याला माणसाने वाढवावं लागतं, आणि बहुधा त्याला सगळा जन्म पिंजऱ्यातच काढावा लागतो. माणसाला न भिणारा बिबट्या रानात सोडता येत नाही. तो वस्तीत येईल, कुणाचं तरी घर उद्ध्वस्त होईल, आणि त्याचंही काही खरं राहणार नाही. आईने ज्याला दीड-दोन वर्षं आपल्यासोबत हिंडवून शिकवायचं होतं, त्याच्या पदरात शेवटी माणसाच्या प्रेमाने बांधलेला पिंजरा पडतो.

हेमलकशाची गोष्ट इथे आठवावीच लागते. डॉ. प्रकाश आमटे आणि डॉ. मंदाताई आमटे तिथे गेल्यावर सुरुवातीच्या काळातच त्यांना शिकार करून परतणारे माडिया आदिवासी भेटले. मेलेल्या माकडिणीच्या छातीला तिचं पिल्लू अजून बिलगलेलं होतं. ते पिल्लू त्यांनी मागून घेतलं आणि घरी वाढवलं. मग अस्वलं आली, बिबटे आले, हरणं, साळिंदरं, मगरी आल्या. शिकारीत मागे राहिलेली पिल्लं मारून खाण्याऐवजी लोक तिथे आणून देऊ लागले. त्या प्राण्यांची माणसाची भीती गेली ती गेलीच, त्यांना रान पुन्हा मिळालं नाही. पण त्यांच्या डोळ्यांत पाहून माणसांच्या हातातली काही शस्त्रं खाली आली. हे मोल फार मोठं आहे. ते पिल्लांनी मोजलं आहे, हे मात्र कधी विसरू नये.

आत्याला लोरेन्ट्‌झ ठाऊक नव्हते, कॉन्डोरही नव्हते. तरी पिल्लाचे डोळे उघडले, अंगावर लव आली, दात शिवशिवू लागले, की ती त्याला हातात घेणं कमी करी. खारींची टोपली घरातून गॅलरीतल्या जाळीच्या पिंजऱ्यात जाई, आणि पिंजऱ्याचं तोंड बदामाच्या झाडाकडे असे. मला हे आवडत नसे. माझ्या फ्रॉकच्या खिशात झोपणारी खार मला हवी असे. "तिला शाळेत घातली आहे," आत्या म्हणे. "शिकवणारे समोर आहेत."

समोर झाडावर दिवसभर मोकळ्या खारींची ये-जा असे. मांजर कंपाउंडच्या भिंतीवर आली, की त्यातली एखादी शेपटी झटकत चिर्र-चिर्र असा एकसुरी आरडाओरडा सुरू करी. घार खाली उतरली की क्षणात सगळं झाड गप्प होई. पिंजऱ्यातली आमची खार आधी हे नुसतं बघे, दाणे कुरतडत राही. मग एके दिवशी झाडावरचा आवाज ऐकून तिने खाणं थांबवलं. पुढे ती त्या आवाजाबरोबर जाळीला चिकटून बसू लागली. मग स्वतः ओरडू लागली. पिंजऱ्याचं दार उघडं ठेवायला लागल्यावर ती दिवसा झाडावर जाई आणि रात्री झोपायला परत येई. आणि एका सकाळी आत्या दाण्याची वाटी घेऊन गॅलरीत गेली, तेव्हा फांदीवर बसलेल्या त्या खारीने आत्याकडे पाहून शेपटी झटकली आणि तोच आवाज काढला. आत्या हे संकट होती. सगळं झाड सावध झालं.

मला रडू कोसळलं. मी म्हटलं, ती आपल्याला विसरली. आत्याने वाटी कठड्यावर ठेवली आणि मला आत घेतलं. "रडू नको बाय," ती म्हणाली. "आता ती जगेल." तिच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी नंतर फार थोड्या वेळा पाहिला. प्रसूतिगृहात अशक्त बाळ पहिल्यांदा जोरात रडलं, की ती घरी येऊन ज्या चेहऱ्याने सांगे, तसाच तो चेहरा होता.

आणि मला तिने कसं वाढवलं, हे मला खूप उशिरा कळलं. तिने कधी मला तिला आई म्हणू दिलं नाही. मी म्हणाले की ती हसून भिंतीवरच्या फोटोकडे बोट करी. एरवी कशाचाही धाक न घालणारी ही बाई एका गोष्टीला फार जपे. खाडीकडे एकटं जायचं नाही. ओहोटी लागली की खाडी उथळ वाटते, पाय ठेवावासा वाटतो, पण खाली गाळ असतो आणि भरती गुपचूप येते. हे सांगताना ती नेहमी म्हणे, "तुझी आई सांगायची." आई पावसात विजेच्या खांबाला हात लावू नको म्हणायची. आई दिवेलागणीनंतर अनोळखी माणसाकडून काही घेऊ नको म्हणायची. मला आईचा चेहरा आठवत नाही, आवाज आठवत नाही. पण ती कशाकशाला भीत होती ते मला सगळं पाठ आहे. दोन वर्षांच्या मुलीसाठी जी काळजी तिने केली असेल, ती आत्याने एकेक करून माझ्यापर्यंत पोहोचवली आणि त्यावर स्वतःचं नाव कुठेही लावलं नाही. क्रौंचाच्या पिल्लांसाठी झगा घालून गप्प राहणाऱ्या माणसांविषयी मी पुढे वाचलं, तेव्हा मला तीच दिसली.

खाडीच्या भीतीने या गावालाही काही दिलं आहे. माहीमहून वांद्र्याला जायचं तर पूर्वी होडीने खाडी ओलांडावी लागे, आणि पावसाळ्यात होड्या उलटून माणसं बुडत. लेडी आवाबाई जमशेटजी जीजीभॉय यांनी यासाठी सुमारे एक लाख सत्तावन्न हजार रुपये दिले आणि १८४५ साली माहीमचा कॉजवे खुला झाला. आज त्यावरून गाड्यांची रांग चालते. पाण्याला भिणाऱ्या आणि माणसांची काळजी वाटणाऱ्या कुणीतरी ती वाट बांधली. जी भीती दुसऱ्याच्या जिवासाठी असते, ती असे पूल उभारते. आपल्याकडे भीतीला दुबळेपणा समजतात. मला ती मायेइतकीच जुनी आणि मायेच्याच कामाची वाटते.

आज गॅलरीत खार वाढवणं योग्य नाही आणि कायद्यालाही ते धरून नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली रानातला जीव घरी ठेवता येत नाही. ते बरंच आहे. मुलं खोकं घेऊन येतात तेव्हा मी ऊब देते, अंधारी शांत जागा देते, आणि पिल्लाला आईकडे परत नेता येतं का ते पाहते. नेता येत नसेल तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करते, किंवा जखमी असेल तर परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालयाची वाट धरते. मुंबईत प्राण्यांवरचं क्रौर्य थांबवण्यासाठी १८७४ साली संस्था निघाली आणि त्यानंतरच्या दशकात हे रुग्णालय सुरू झालं. दर संक्रांतीला मांज्याने कापलेल्या पक्ष्यांनी तिथली टेबलं भरतात. दीडशे वर्षं या शहरात कुणीतरी हे काम करत आहे, याचा मला फार आधार वाटतो.

मुलांना मी आता दोन गोष्टी शिकवते. पहिली, थंड पिल्लाला आधी गरम करायचं. हे त्यांना लगेच पटतं. दुसरी गोष्ट अवघड आहे. पिल्लाला नाव ठेवायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही, त्याला खांद्यावर बसवून गल्लीत मिरवायचं नाही, आणि ते आपल्याला पाहून घाबरलं तर वाईट वाटून घ्यायचं नाही. परवा त्यातल्या एका मुलीने विचारलं, "मग आपण एवढं केलं त्याचं काय?" मी तिला म्हटलं, ते झाडावर आहे आणि कुणाच्याही हाताला लागत नाही, तुझ्याही नाही. आपण एवढं केलं ते याच्यासाठी. ती जरा वेळ झाडाकडे बघत राहिली. तिला हे पटायला अजून काही उन्हाळे जातील, मलाही लागले होते. पण ज्याच्यावर आपला जीव आहे त्याने आपल्यावाचून, आपल्यापासून लांब, आपल्या सावलीलाही बिचकून धडधाकट जगावं, ही इच्छा मनापासून धरता येणं मी आईपणाचं शेवटचं आणि सगळ्यांत मोठं काम मानते.